भपक्याचे ऋण

लग्नसराई सुरू झाली की मंगल कार्यालयांपुढे रोषणाईच्या कमानी उभ्या राहतात. वधूवरांच्या आगमनासाठी धुराचे लोट सोडले जातात, डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतो आणि ध्वनिवर्धकांच्या गदारोळात मंगलाष्टके बुडून जातात. अक्षता टाकण्यास आलेल्या आप्तेष्टांना वधूवरांऐवजी छायाचित्रकारांच्या पाठीच पाहाव्या लागतात. सोहळ्याचे प्रदर्शन झाले आहे.

ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने तो कसा खर्चावा, हा त्याचा खासगी प्रश्न आहे, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटला, तरी टिकणारा नाही. धनिकाची हौस हा हा म्हणता समाजाची रीत बनते आणि ती मोडण्याचे धाडस मुलीच्या बापाला सहसा होत नाही. मग शिक्षक वा कारकून भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढतो, शेतकरी जमीन गहाण टाकतो. एका संध्याकाळच्या झगमगाटापायी म्हातारपणाची तरतूद खर्ची पडते. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. परंतु ‘आम्हाला काही नको, लग्न तेवढे थाटात करून द्या’ अशा सौम्य शब्दांत तोच भार वधूपित्याच्या शिरावर येतो.

वास्तविक महाराष्ट्राला साधेपणाचा मार्ग अपरिचित नाही. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह भटजीविना, अल्प खर्चात पार पडला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये तर तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न लागते.

साधेपणा म्हणजे रुक्षता नव्हे. आंब्याच्या पानांचे तोरण, सनईचे सूर, आत्या-मावश्यांनी हौसेने मांडलेले रुखवत यांतही शोभा होतीच. पण ती घरच्या माणसांच्या हातची होती. आज हळदीला कोणी कोणत्या रंगाचे वस्त्र ल्यावे आणि कोणत्या गाण्यावर नाचावे, हेही ठेकेदार ठरवतो. पैसा मोजून थाट विकत घेता येतो, अभिरुची नव्हे.

हा पायंडा वधूपित्याने मोडावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याने काटकसर सुचवली तर ती कृपणता ठरते. तीच गोष्ट वराने सांगितली, तर तिला कोणी नावे ठेवणार नाही. म्हणून पहिला शब्द सुशिक्षित तरुणाने, आणि तोही याद्या होण्यापूर्वीच, उच्चारला पाहिजे.