दहापैकी दहा आणि खंबाटकीचा घाट

‘क्वालिटीत नंबर वन’चा शिक्का गाडीच्या पहिल्या काही महिन्यांचा असतो. आपला हप्ता मात्र सात वर्षांचा. मग मधल्या वर्षांचं कोण बोलणार?

तुमच्या घरात गाडी घ्यायची ठरली की रिसर्चचं काम कोणाकडे येतं? बरोब्बर. तुमच्याकडेच. ‘तुला कळतं ना त्या मोबाइलमधलं, बघ जरा’ असं म्हणून बाबा मोकळे होतात. आमच्याकडेही हेच झालं. तीन वर्षांपूर्वी मी फर्स्ट इयरला होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी यायलाच हवी, असा आईचा हट्ट होता आणि बाबांनी पीएफमधून काढलेले पैसे डाऊन पेमेंटसाठी तयार होते. मी चार गाड्यांचा तक्ता केला. किंमत, ॲव्हरेज, बूट स्पेस, एअरबॅग्ज. शेवटचा कॉलम होता ‘क्वालिटी रँकिंग’. एका गाडीच्या ब्रोशरवर त्याचा सोनेरी शिक्का होता. मी म्हटलं, ‘बाबा, हीच घ्या.’

बाबांनी घेतली. सारसबागेत पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका कंपनीचा नाहीये. मुद्दा माझ्या तक्त्यातल्या त्या शेवटच्या कॉलमचा आहे.

पहिल्या चार महिन्यांत आमच्या दोनच तक्रारी होत्या. ब्लूटूथ मध्येच सुटायचं आणि खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्ड खडखडायचा. सव्विसाव्या महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर बाबा ॲक्सिलरेटर दाबतायत, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाहीये. जळका वास आला. मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले. आजी मागच्या सीटवर रामरक्षा म्हणायला लागली. क्लच गेला होता. टोइंग धरून २२ हजारांचं बिल झालं. ‘क्लच झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही,’ असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं.

त्या रात्री मी तक्ता पुन्हा उघडला. या वेळी रँकिंग कसं काढतात तेही वाचलं. हे आधी करायला हवं होतं.

तक्रार मोजतात, पण कधी?

या प्रकारच्या रँकिंगमधलं जगातलं सगळ्यात गाजलेलं नाव जे. डी. पॉवर. अमेरिकेत त्यांचा ‘इनिशियल क्वालिटी’ अभ्यास १९८७ पासून चालू आहे, भारतात तो १९९७ मध्ये सुरू झाला. पद्धत सोपी आहे. नव्या गाडीच्या मालकाला विचारायचं, काय काय बिघडलं? मग शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजायचं. आकडा जितका कमी तितकी गाडी वर. अमेरिकेत हा प्रश्न पहिल्या ९० दिवसांबद्दल असतो. भारतातल्या अभ्यासात गाडी घेऊन दोन ते सहा महिने झालेल्या मालकांना विचारायचे.

नावातच ‘इनिशियल’ आहे. म्हणजे सुरुवातीची क्वालिटी. ते काही लपवत नाहीत. आपणच तो शब्द गाळून वाचतो आणि शोरूमही तो मोठ्या अक्षरात छापत नाही.

दुसरी गोष्ट. या मोजणीत ब्लूटूथ सुटणं ही एक तक्रार आणि क्लच जाणं हीसुद्धा एकच तक्रार. स्क्रीनवरचा मेनू समजत नाही, हीपण तक्रार धरतात. आमची गाडी चौथ्या महिन्यात सर्व्हेत आली असती तर तिच्या नावावर ब्लूटूथ आणि खडखड लागली असती. खंबाटकीचा घाट कुठेच दिसला नसता.

तिसरी गोष्ट साध्या गणिताची आहे. समजा, एका कंपनीच्या शंभर गाड्यांमागे ९० तक्रारी आहेत आणि दुसरीच्या १००. फरक किती? दहा गाड्यांमागे एका तक्रारीचा. पण यादीत तेवढ्यावरून एक कंपनी दुसरी आणि दुसरी थेट सातवी होऊ शकते. आपण नंबर बघतो, आकड्यांमधलं अंतर बघत नाही. सीईटीच्या रँकला रडलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

मग रँकिंग खोटं असतं का?

नाही, आणि ‘सगळं पेड असतं’ म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. जे. डी. पॉवरचाच दुसरा अभ्यास आहे, तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांचा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत २०२० च्या सुरुवातीच्या क्वालिटीत डॉज आणि किया १३६ तक्रारींसह संयुक्त पहिल्या होत्या. लेक्सस पहिल्या पाचातही नव्हती. त्याच २०२० सालच्या मॉडेल्सचा तीन वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये आला. तेव्हा लेक्सस १३३ तक्रारींसह अव्वल होती. कियाने सर्वसामान्य ब्रँड्समध्ये पहिला नंबर राखला. डॉज पहिल्या पाचातून बाहेर गेली, तरी सरासरीपेक्षा बरीच होती.

म्हणजे पहिल्या महिन्यांचं रँकिंग अगदीच फुकट नाही. जिची सुरुवात चांगली तिची पुढची वर्षंही बरी जाण्याची शक्यता असते. पण त्यावरून भविष्य सांगता येत नाही. बारावीच्या मार्कांवरून तुमच्या नोकरीचा अंदाज बांधावा, तसंच हे.

याचं घरचं उदाहरण पुणेकरांना शोधायला लांब जायला नको. टाटांची इंडिका पिंपरीत बनली. १९९८ च्या डिसेंबरात ती बाजारात आली तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी आगाऊ पैसे भरले. पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल आवाजाच्या, टायर झिजण्याच्या, फिनिशिंगच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीची झोप उडाली. २०००-०१ मध्ये टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. मग दुरुस्त्या करून २००१ मध्ये ‘व्ही-टू’ आली, आणि पुढे तीच इंडिका टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. सुरुवातीच्या यादीवर कायमचा शिक्का मारला असता तर इंडिका नापास होती. आणि खरं सांगायचं तर पहिल्या लॉटमध्ये पैसे अडकवलेल्यांसाठी ती नापासच होती. दोन्ही खरं आहे. म्हणूनच ‘ही कंपनी चांगली की वाईट’ हा प्रश्न अर्धवट आहे. कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षाचं आणि किती किलोमीटरनंतर, हे विचारायला हवं.

गंमत म्हणजे ॲव्हरेजच्या बाबतीत आपण हा शहाणपणा कधीच शिकलोय. वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’चं मायलेज जाहिरातीत असतं आणि आपल्या घरातला प्रत्येक काका सांगतो, ‘त्यातले चार-पाच वजा कर.’ कारण ते प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या पद्धतीने काढलेलं असतं. सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता नाही. सेफ्टीच्या स्टारचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ आहे आणि ते फार चांगलं झालं. पण धडक झाली तर आतला माणूस किती सुरक्षित, हे ते पाच स्टार सांगतात. गाडी घाटात बंद पडेल का, हे त्यांचं कामच नाही. माझ्या मैत्रिणी दोन्हींची सरमिसळ करतात. मीही करायचे.

मधली वर्षं कोण मोजतं?

आता माझा खरा मुद्दा. आपल्याकडे खासगी गाडी एकदा रजिस्टर झाली की तिची फिटनेस तपासणी थेट १५ वर्षांनी होते, रजिस्ट्रेशन रिन्यू करताना. मध्ये पीयूसी असते, पण त्यात फक्त धूर तपासतात. म्हणजे एका टोकाला पहिल्या काही महिन्यांचा सर्व्हे आणि दुसऱ्या टोकाला पंधराव्या वर्षीचं पासिंग. कर्ज फेडायचं, गाडी झिजायची, वॉरंटी संपायची, ते सगळं मधे. तिथे सामान्य ग्राहकाला बघता येईल असा आकडा जवळपास नाही.

जर्मनीत गाडीची तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची आहे. कुठल्या मॉडेलमध्ये किती दोष निघाले, हे टीयूव्ही दरवर्षी छापते. तिथला वाहनधारकांचा क्लब एडीएसी तर १९७८ पासून रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी देतो. त्यांची माणसं स्वतः मदतीला जातात आणि तीच नोंद मोजतात. मालकाला ‘कसं वाटलं’ विचारत बसायची गरज नाही.

आपल्याकडे अशी माहिती नाहीच असं नाही. पिवळ्या पाटीच्या गाड्यांचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं. तुमच्या-माझ्या घरातली मॉडेल्सच टुरिस्टवाले वापरतात. पुण्याचं एमएच-१२ आणि पिंपरी-चिंचवडचं एमएच-१४, एवढ्या दोन आरटीओंनी जरी मॉडेलनुसार किती गाड्या कशामुळे नापास झाल्या हे दरवर्षी जाहीर केलं, तरी सोनेरी शिक्क्यापेक्षा जास्त कळेल. सर्व्हिस सेंटर्सकडे तर प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड असतं. ते कंपनीला दिसतं, आपल्याला नाही. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या सदोष गाड्या परत मागवण्याचा कायदेशीर नियम लागू झाला, त्यासाठी ‘वाहन’ पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तो सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषांसाठी आहे. ‘दोन वर्षांत क्लच गेला’ हे त्यात बसणं अवघड.

मग तोपर्यंत आपण काय करायचं? मी हाच प्रश्न नाना पेठेतल्या आमच्या गॅरेजवाल्या काकांना विचारला. ते हसले. ‘नवी गाडी सगळ्यांचीच चांगली असते ताई. माझ्याकडे यायला लागते ती वॉरंटी संपल्यावर. मला विचारायला लोक गाडी घेतल्यावर येतात, घ्यायच्या आधी कोणी येत नाही.’ तर आधी जा. कुठल्या मॉडेलचं कुठलं काम सारखं येतं, पार्ट किती दिवसांत मिळतो, एवढे दोनच प्रश्न विचारा. कॅबमध्ये बसलात की मोबाइलमधून डोकं वर काढून ड्रायव्हर दादांना विचारा, किती लाख किलोमीटर झाली आणि काय काय बदललं. त्याच मॉडेलची चार-पाच वर्षं जुनी गाडी सेकंडहँडला किती भावाने जाते ते बघा, कारण तिथे पैसे लावणारे स्वप्नं बघत नाहीत. एकदम नवं मॉडेल आलं की पहिल्या सहा महिन्यांत उडी मारू नका. आणि रँकिंग बघाच, पण ‘तीन वर्षांनंतरचं आहे का?’ हे आधी शोधा.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे, आणि त्यात मी स्वतः चुकले. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर तिथला दादा म्हणाला होता, ‘मॅडम, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच सांगा हं. नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह कापतात.’ डॅशबोर्ड तेव्हाही खडखडत होता. मी दहा सांगितले. हा डीलरचा फीडबॅक होता, स्वतंत्र रँकिंग नव्हे, हे मला माहितीये. पण सवय तीच. कोणाचा तरी पगार वाचावा म्हणून आपण खोटं सांगतो आणि मग आकडे खोटे निघाले म्हणून चिडतो. एका दादाचा पगार आणि गाडीची क्वालिटी एकाच आकड्यात बांधणारी ही पद्धतच चुकीची आहे. ती कंपन्यांनी बदलायला हवी.

क्लचचं काम झाल्यावर पुन्हा तोच दादा किल्ली द्यायला आला. पुन्हा तेच म्हणाला. मी त्याला सांगितलं, ‘तुमच्या कामाला दहा, गाडीला सहा.’ तो म्हणाला, ‘मॅडम, फोनवर एकच आकडा विचारतात.’

दोन दिवसांनी फोन आला. मी आधी त्याचं नाव घेऊन काम छान केल्याचं सांगितलं, मग खंबाटकीचं सगळं सांगितलं आणि सहा म्हटलं. पलीकडची मुलगी थोडं थांबून म्हणाली, ‘मॅडम, कमेंट लिहायला इथे जागा नाहीये. सहाच टाकू ना?’

‘टाका,’ मी म्हटलं. त्या दादाचे पैसे कापले का, हे विचारायला मी पुढच्या सर्व्हिसिंगला जाणार आहे.