पाटीवरची सरस्वती

यंदा दसऱ्याला एका शाळेने पाटीपूजनाऐवजी मुलांना सरस्वतीचं छापील चित्र दिलं. बाह्यरेषा तयार, आत रंग भरायचे, रंग रेषेबाहेर गेला की गुण कमी. हे गप्प बसून पाहवेना.

त्या कागदावरची सरस्वती मुळात राजा रविवर्म्याची, १८९६ सालची. खडकावर बसलेली, दोन हात वीणेवर, मागच्या हातांत पोथी आणि जपमाळ, शेजारी मोर. मूळ तैलचित्र बडोद्यात सयाजीरावांच्या राजवाड्यात गेलं, घराघरांत पोचली ती शिळाछापाची प्रत. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे. या चित्राचा जीव आहे उजेडात. चेहऱ्यावर पडलेला प्रकाश, साडीच्या चुण्यांतली सावली, मागचं झाडपाणी. शाळेने नेमकं तेच पुसून टाकलं आणि मुलांना दिली ती जाड काळी रेघ, जी रविवर्म्याने काढलेलीच नव्हती.

आणि पाटीवरची सरस्वती? एकाचे आकडे शेजारी शेजारी, उलटसुलट मांडत काढलेली. चेहरा नाही, वीणा नाही, मोर नाही. तरीही पहिली-दुसरीतलं पोर ती स्वतःच्या हाताने काढतं, हळदकुंकू वाहतं आणि खरोखर हात जोडतं. ओळखीचा एकही आकार नसलेल्या चित्रासमोर मोठी माणसं कलादालनात बावचळतात. आपल्याकडच्या मुलांना मात्र अमूर्त चित्र अक्षरओळखीबरोबरच भेटत आलं आहे, आणि ते त्यांनीच काढलेलं असतं.

ही दोन चित्रं शेजारी ठेवा. एवढ्यावर मुलांचा कलाशिक्षणाचा पहिला धडा पुरा होईल असं मी मानतो. देव ओळखीचा असल्यामुळे ‘हे कोण?’ हा प्रश्न उरत नाही, आणि नजर लगेच ‘हे कसं केलंय?’ याकडे वळते. उजेड कोणत्या बाजूने येतोय? साडी जड का वाटते? पाटीवर दोन्ही बाजू सारख्या का आल्या? एक आकडा पुसला तर काय होईल? रविवर्म्याची सरस्वती समोर बसलेली दिसते, पाटीवरची आपल्याला घडवावी लागते. चित्रकलेच्या दोन मोठ्या वाटा इथेच कळतात. चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथीतलं एखादं पान त्यात ठेवलं, तर बाजूने काढलेला चेहरा, टपोरा डोळा आणि मोकळी पार्श्वभूमी पाहून मुलं तिसरी वाट स्वतः शोधतील.

चित्रकलेच्या तासाला धर्म नको, असं काही शिक्षक म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. तिच्यावरचा उपाय म्हणजे सगळ्यांचे देव दाखवणे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवा. गोव्यातल्या सांतु इस्तेव्हला जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची साडीतली मेरी दाखवा. त्यांच्या त्या मेरीवरून गोव्यात नाराजी उठली होती, हेही सांगा. त्यांची बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. चित्रातल्या देवाला नमस्कार करायचा की नाही ते घरी ठरेल, शाळेने बघायला शिकवावं.

छापील चित्रात रेषेच्या आत रंग भरायला लावण्याचं मूळ चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत आहे, असं माझं मत आहे. त्यांतल्या इंटरमिजिएटचे गुण दहावीच्या निकालात मिळू लागल्यापासून चित्र बघण्याचा तास कुणालाच परवडेनासा झालाय. मोजता येते ती रेषेच्या आतली सफाई, म्हणून शिकवलीही तीच जाते.

पालकांनो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सातारा जिल्ह्यात औंधला न्या. तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. एकाच चित्रासमोर त्यांना हवा तितका वेळ उभं राहू द्या आणि गोष्ट सांगायची घाई करू नका. निघताना पिशवीत पाटी-पेन्सिल असू द्या.