क्षार : शब्द एक, पदार्थ अनेक

उन्हाळा लागला की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील किराणा दुकानांत पापडखाराची मागणी वाढते. त्याच दिवसांत बोअरच्या पाण्यात ‘क्षार फार’ असल्याची तक्रार घरोघर ऐकू येते, शेतकरी जमीन ‘क्षारपड’ झाल्याचे सांगतो आणि जुलाबाने थकलेल्या मुलाला डॉक्टर ‘क्षारसंजीवनी’ पाजण्यास सांगतात. शब्द सगळीकडे एकच. पदार्थ मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा.

संस्कृतात हा शब्द ‘क्षर्’, म्हणजे झिरपणे किंवा झिजणे, या धातूशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून क्षार करण्याची रीत सांगितली आहे. हा क्षार दाहक असून मूळव्याधीसारख्या विकारांवर वापरला जाई. हिंदी शालेय पुस्तकांनी हाच अर्थ जवळ केला. तेथे क्षार म्हणजे अल्कली आणि मिठासारख्या संयुगाला ‘लवण’ म्हणतात. मराठी पुस्तकांत मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून पाण्याबरोबर जो पदार्थ तयार होतो, तो क्षार. गुजराती पुस्तकांतही मराठीसारखाच अर्थ आहे. एकाच घरातील भावंडे निरनिराळ्या माध्यमांत शिकत असतील, तर एकाचे बरोबर उत्तर दुसऱ्याला चूक वाटणे स्वाभाविक आहे.

व्यवहारातील अर्थ याहून दूर गेले आहेत. पाण्यातील क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमची संयुगे. त्यांमुळे डाळ शिजत नाही आणि भांड्याला पांढरा थर बसतो. क्षारसंजीवनीच्या एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पाणी कमी-जास्त झाले तर हे प्रमाण बिघडते. शेतातील ‘क्षारपड’ या एका नावामागेही दोन दुखणी असतात. क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि चांगल्या पाण्याने धुणे हवे असते, तर चोपण जमिनीला जिप्समची गरज असते. माती तपासून न घेता केवळ ‘क्षार झाला’ एवढ्यावर जिप्सम विकले, तर शेतकऱ्याचे पैसे वाया जाण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठा धोका मात्र ‘सोडा’ या शब्दात आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, जो साबण करण्यास व तुंबलेली मोरी मोकळी करण्यास वापरतात. तिन्ही पांढरे. पहिला चिमूटभर पिठात चालतो. तिसरा मात्र तोंड, अन्ननलिका आणि डोळे जाळतो. दुकानात सुट्या मालाच्या पुड्या बांधताना, किंवा घरी उरलेला कॉस्टिक सोडा जुन्या मसाल्याच्या बरणीत भरताना, हा फरक पुसला जातो.

म्हणून गिऱ्हाइकाने नुसता ‘सोडा’ मागितला, तर ‘कशासाठी?’ हे विचारणे ही दुकानदाराची पहिली जबाबदारी ठरते. कॉस्टिक सोडा खाद्यवस्तूंपासून दूर, वेगळ्या फळीवर, पूर्ण नावाच्या चिठ्ठीसह ठेवावा. त्याचे माप व चमचाही वेगळा असावा. चुकून तो कोणाच्या पोटात गेलाच, तर उलटी करवू नये आणि ‘उतारा’ म्हणून लिंबूरसही पाजू नये. तोंड पाण्याने धुऊन, पुडी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास भरपूर वाहत्या पाण्याने दीर्घकाळ धुवावे व नंतर वैद्यकीय मदत घ्यावी.

पापडखाराचे पाकीट घेतानाही त्यावरील घटकांची यादी एकदा वाचावी. ‘खार’ हे नाव आजीच्या काळापासून चालत आले आहे. आत काय आहे, ते त्या यादीतूनच कळते.