कराचें गांव कोणतें?

माझें सारें आयुष्य वसुलीच्या कामांत गेलें. मराठी शाळेंत शिकलेल्या कारकुनास मोठें अर्थशास्त्र कोठून येणार? परंतु एक नियम त्याच्या अंगवळणीं पडलेला असतो. तो हा कीं, ज्या गांवच्या शिवारांत जमीन, त्याच गांवच्या दप्तरीं तिचा आकार. खातेदार मुंबईस राहो अथवा विलायतेस जावो, जमीन त्याच्याबरोबर जात नाहीं व साराहि जात नाहीं. तो गांवींच भरावा लागतो.

शेतकऱ्यांच्या मासिकांत परदेशी कंपनीच्या आयकराची चर्चा कशासाठीं, असें कोणी वाचकबंधु विचारील. त्यास माझें उत्तर असें कीं, आज बहुतेक प्रत्येक कास्तकाराच्या खिशांत फोन आहे. तो घेतांना त्यानें किंमतीवर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटी निमूटपणें भरलेला असतो. त्यांत त्यास सूट नाहीं, मुदत नाहीं. मग असला माल विकून अपार नफा मिळविणाऱ्यांनीं आपला कर कोठें व किती भरला, हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

उदाहरणादाखल ॲपल कंपनीचें प्रकरण घेऊं. ही कंपनी मूळची अमेरिकेची. आयर्लंडांतील कॉर्क शहरीं तिनें १९८० सालीं आपलें ठाणें दिलें. पुढें युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका व आपला भारत येथील विक्रीचें काम आयर्लंडांत नोंदलेल्या तिच्या एका पोटकंपनीकडे होतें. युरोपांतील गिऱ्हाईक माल घेई आपल्या गांवच्या दुकानांत. परंतु कागदोपत्रीं विक्री होई आयर्लंडांत. येथवर फारसें नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. आयर्लंडांत जमा झालेला बहुतेक नफा त्या पोटकंपनीच्या 'मुख्य कचेरी'च्या नांवें लिहिला जाई, आणि या मुख्य कचेरीस ना जागा, ना नोकर, ना देश!

आमच्या दप्तरांत बेचिराख गांवें असत. वस्ती उठून गेलेली, एक घर उरलेलें नाहीं. तरीहि त्या गांवास शीव असे, जमिनीस नंबर असे आणि आकाराची वसुली होई. ही मुख्य कचेरी बेचिराख गांवाहूनहि बेचिराख; कारण तिला शीवच नव्हती. त्यामुळें तिच्या नफ्यावर कोणत्याच देशाचा कर बसला नाहीं. युरोपियन कमिशननें चौकशी केली तेव्हां असें दिसून आलें कीं, २०११ सालीं त्या पोटकंपनीचा नफा सुमारें १,६०० कोटी युरो होता. परंतु आयर्लंडांत कराला पात्र धरला गेला तो अवघा सुमारें ५ कोटी. २०१४ सालीं तर कराचें मान दहा लाख युरो नफ्यास ५० युरो इतकें उतरलें. आयर्लंडच्या कर-खात्यानें १९९१ व २००७ सालीं दिलेल्या निर्णयांच्या आधारें हें चाललें होतें.

हे आंकडे वाचतांना मला एक जुनी गोष्ट आठवली. एका वर्षीं पीक बेताचें होतें, पण पैसेवारी पन्नासाच्या वर निघाल्यामुळें तहकुबी मिळाली नाहीं. एका विधवा बाईकडे शंभराच्या आंतली बाकी होती. नोटीस मींच लिहिली व मींच बजावली. तिनें कोंबड्या विकून रक्कम आणून दिली, आणि पावती नीट घडी करून पदराच्या गांठीस बांधली. कायद्यानें माझें कांहीं चुकलें नव्हतें. परंतु लहानावर जो कायदा इतक्या कांटेकोरपणें चालतो, तो थोराच्या दारीं कां अडतो, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत घर करून आहे.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. आयर्लंड लहान देश. कारखाने यावे, तरुणांस काम मिळावें म्हणून त्यानें कराचा दर शेंकडा साडेबारा असा हलका ठेवला. यांत गैर कांहीं नाहीं. आपल्याकडेहि पूर्वीं पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून रयतेस कौल देत, व इस्तावा बांधून देत. पहिल्या वर्षीं सारा थोडा, पुढें सालोसाल चढता, आणि शेवटीं पुरा. परंतु इस्तावा कधीं तरी संपत असे. येथें एका कंपनीस मिळालेली सवलत वर्षानुवर्षें चालली, आणि नफा चढत असतां कराचें मान उतरत गेलें. कंपनीचें म्हणणें असें कीं, नफ्याचें मूळ अमेरिकेंत केलेल्या संशोधनांत आहे, म्हणून कराचा हक्कहि तिकडचा. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं; पण त्या वर्षीं तो कर तिकडेहि भरला जात नव्हता, पुढें ढकलला जात होता.

३० ऑगस्ट २०१६ रोजीं कमिशननें १,३०० कोटी युरो व त्यावरील व्याज वसूल करण्याचा हुकूम केला. आश्चर्य असें कीं, पैसे मिळणाऱ्या आयर्लंडनेंच त्याविरुद्ध अपील केलें. २०२० सालीं खालच्या न्यायालयानें हुकूम रद्द केला. परंतु १० सप्टेंबर २०२४ रोजीं युरोपच्या वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला.

आपल्या देशानेंहि यत्न केला होता. परदेशी कंपन्यांच्या येथील ऑनलाइन जाहिरातींच्या उत्पन्नावर २०१६ पासून शेंकडा ६, व ऑनलाइन विक्रीवर २०२० पासून शेंकडा २ अशी आकारणी होती. अमेरिकेनें ती पक्षपाती ठरविली. दोन टक्क्यांची आकारणी १ ऑगस्ट २०२४ पासून व सहा टक्क्यांची १ एप्रिल २०२५ पासून उठविण्यांत आली. मोठ्या कंपन्यांस निदान शेंकडा १५ कर पडावा असा करार २०२१ सालीं शंभराहून अधिक देशांनीं मान्य केला. पण जून २०२५ मध्यें सात धनिक राष्ट्रांनीं अमेरिकन कंपन्यांस त्याच्या मुख्य कलमांतून वगळण्याचें मान्य केलें.

माझें मत थोडक्यांत असें. जेथें गिऱ्हाईक, तेथें नफ्याच्या कांहीं भागावर कराचा हक्क असावा. कोणास सवलत द्यावयाची तर ती सर्वांस सारखी, मुदतीची व चावडीवर लावतां येईल इतकी उघड असावी. आकारणी उठविली तर तिच्या जागीं काय येणार, हें सरकारनें लोकांस सांगावें. न भरलेला कर नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्याच्या खात्यावर चढतो, आणि तें खातें बहुधा आपलेंच असतें.

मात्र हें बोलतांना आपलेंहि दप्तर स्वच्छ हवें. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, ही सवलत कष्टकऱ्यासाठीं आहे. शहरांतील धंद्याचा पैसा शेतीचा म्हणून दाखविणारे महाभाग आपल्याच तालुक्यांत निघतात, आणि आपण गप्प बसतों. तीहि एक शीव नसलेली कचेरीच होय. संघाच्या सभासदांनीं दोन्ही गोष्टींविषयीं एकाच तोंडानें बोलावें, एवढीच माझी विनंति आहे.