थबकलेलें पाणी

आमच्या नातीनें यंदा बारावीस गणित घेतलें आहे. परवां सायंकाळीं ती ओसरीवर वक्ररेषा काढीत बसली होती. बिंदूमागून बिंदू मांडून नव्हे. आधीं वहीच्या कडेला धन-ऋण चिन्हांची एक ओळ लिहावयाची, आणि मग एका ओघांत रेषा ओढावयाची. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढें सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. तेव्हां कौतुकानें विचारलें, "बाळ, एवढ्या सामग्रीवर रेषेचें रूप कसें कळतें?"

तिनें य = क्ष³ − ३क्ष हें उदाहरण दाखविलें. याचा विकलज, म्हणजे क्ष वाढतां य कोणत्या वेगानें वाढतो तें सांगणारी राशि, ३क्ष² − ३. ती उणे १ व १ या दोन ठिकाणीं शून्य होते. उणे १ च्या अलीकडे वेग धन, म्हणून रेषा चढती. दोहोंच्या मध्यें ऋण, म्हणून उतरती. १ च्या पलीकडे पुन्हा धन. अर्थात् उणे १ पाशीं २ उंचीचें शिखर, १ पाशीं तितकाच खोल खळगा.

पंचांग पाहणाऱ्या वाचकांस हें परकें वाटूं नये. ग्रह मार्गी असतां गति धन, वक्री असतां ऋण, मधल्या स्तंभी अवस्थेंत शून्य. आम्ही म्हणालों, "हें तर भास्कराचार्यांचें!" शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सिद्धान्तशिरोमणींत त्यांनीं ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे, मध्यम व स्पष्ट ग्रहांमधील अंतर जेथें परम होतें, तेथें त्या अंतराची गति शून्य होते, हें त्यांनीं ओळखलें होतें. काशीच्या बापूदेव शास्त्र्यांनीं १८५८ सालीं तें विद्वानांच्या नजरेस आणलें. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांच्या नातवानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आमच्याच खानदेशांत, चाळीसगांवाजवळ पाटणास आहे. तेव्हां अभिमान थोडा अधिकच. आम्हीं थाटानें सूत्र सांगितलें, "गति शून्य, तेथें शिखर."

"किंवा खळगा. किंवा यांपैकीं कांहींच नाहीं, आजोबा." असें म्हणून तिनें य = क्ष³ ची रेषा काढली. विकलज ३क्ष², शून्यापाशीं तो शून्य, पण दोहों बाजूंस धनच. रेषा चढत येते, आडवी होते, आणि पुन्हा चढूं लागते.

आम्ही गप्प झालों. ही आकृति आम्हीं पूर्वीं पाहिली होती.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, एका श्रावणांत, तापीला पूर आला असतां आम्ही प्रकाशा येथें एका आप्तांच्या घरीं होतों. धान्याचीं पोतीं व पोथ्यांची पेटी माळ्यावर चढविण्याची गडबड चालली होती. घाटाच्या पायऱ्या मोजण्याचें काम आमच्याकडे. वाढ मंदावत गेली आणि पाणी अर्धा तास एकाच पायरीवर थबकलें. आम्हीं मास्तरी सुरांत निर्वाळा दिला, "झालें, आतां ओसरणार. राहूं द्या तें." रात्रीं पाणी पुन्हा चढलें. वरच्या अंगास चांगदेवापाशीं पूर्णा तापीस मिळते. एकीचा लोंढा सरतो न सरतो तोंच दुसरीचा मागाहून आला असावा. पोतीं भिजलीं. पोथ्यांचीं पानें एकमेकांस चिकटलीं तीं सुटलीं नाहींत. आप्तांनीं कधीं बोल लावला नाहीं, तें अधिक लागलें.

दोष आचार्यांचा नव्हे. शिखरीं गति शून्य असते, एवढेंच त्यांचें म्हणणें. आम्हीं तें उलटें वाचलें. जेथें धूम तेथें अग्नि, परंतु तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूम नसतो, हें तर्कसंग्रह शिकवितांना आम्ही वर्षानुवर्षें घोकून घेत असूं!

"मग त्या वेळीं पाहावयास काय हवें होतें?" आम्हीं नातीस विचारलें.

"वेगाचा वेग पाहतात. पहिल्या रेषेंत तो ६क्ष; उणे १ पाशीं ऋण, म्हणून शिखर. पण क्ष³ मध्यें शून्यापाशीं तोही शून्य, म्हणजे मुका. मग पलीकडचें चिन्ह पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. पाणी एक पायरी खालीं जाईपर्यंत पोतीं चढवीत राहायचीं."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिच्याकडून एक कोरी वही मागून घेतली. पहिल्या पानावर क्ष³ ची रेषा काढली आहे. हात कांपल्यामुळें मधला आडवा भाग जरा लांबला आहे.