फुकट दिलेल्या कामाचीही अट लिहून ठेवा

समजा, बीड जिल्ह्यातील दिंद्रुड गावी शाळेतल्या पाच मुलांनी मिळून पावसाच्या नोंदींची सरासरी काढणारी एक संगणकीय आज्ञावली लिहिली. एकाने हिशेबाचा भाग लिहिला, दुसरीने आलेखाचा. ती सर्वांना मोफत द्यायची ठरले. मग ती कोणाच्या मालकीची? ‘फुकट वाटली, म्हणजे कोणाचीच नाही,’ असे पुष्कळ जण म्हणतील. ते चूक आहे.

आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, म्हणजेच कॉपीराइटच्या कायद्यानुसार, आज्ञावली ही साहित्यकृतीच होय, आणि सामान्यतः लिहिणारा हाच तिचा पहिला मालक. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. सातबाऱ्यावर पाच भावंडांची नावे असली की अख्खे शेत विकताना पाचही सह्या लागतात; तसेच हे. इतरांना वापराची मुभा देणारा लेख म्हणजे परवाना. मोफत देतानाही तो हवाच.

चित्रफिती दाखवणारी व्हीएलसी ही आज्ञावली तुम्ही पाहिली असेल. फ्रान्समधील विद्यार्थ्यांनी ती सुरू केली आणि अनेक देशांतील लोकांनी तिच्यात भर घातली. २०१० साली ती ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये आली. तेथील अटी तिच्या जीपीएल परवान्याशी जुळत नाहीत, अशी हरकत तिच्याच एका लेखकाने घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये ती तेथून काढली गेली. पुढे परवाना बदलण्यासाठी भर घालणाऱ्यांना शोधून त्यांची संमती मिळवावी लागली. जुलै २०१३ मध्ये ती तेथे परतली.

आता मराठीतले उदाहरण घ्या. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातील लेख जीएफडीएल परवान्याखाली होते. लहानसा लेख छापायचा तरी सोबत संपूर्ण परवाना छापावा लागे. २००९ साली मतदान होऊन सर्व भाषांतील विकिपीडियांनी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना स्वीकारला. तेथे मात्र एकेका लेखकाला शोधावे लागले नाही. का बरे? ‘ही किंवा यापुढील आवृत्ती’ अशी सोय आरंभापासूनच होती, आणि २००८ च्या नव्या आवृत्तीने या बदलास मुभा दिली. चार शब्दांनी केवढे काम वाचवले!

मग सगळे हक्क एकाच्याच हाती सोपवावेत काय? माझ्या मते नाही. टेराफॉर्म या आज्ञावलीत भर घालणाऱ्यांनी हॅशिकॉर्प कंपनीला व्यापक परवानगी लिहून दिली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने मुक्त परवाना सोडून निर्बंध घालणारा परवाना लावला. नाराज लोकांना जुन्या आवृत्तीवरून ओपनटोफू ही वेगळी आज्ञावली उभी करावी लागली.

मैत्रीत कागद कशाला, असे कोणी विचारील. पण पाचांपैकी एक उद्या आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाईल, दुसरी पुण्याला शिकायला. मग त्यांची संमती कोठे शोधायची? म्हणून शिक्षकांनी आणि तुम्ही पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणी कोणता भाग लिहिला, तो कोणत्या परवान्याखाली दिला, आणि परवाना बदलायचा झाल्यास कोणाकोणाला विचारायचे.