डोळ्यात उडालेली कपची किरकोळ नसते

छन्नीवर हातोडा बसतो, लोखंडाची बारीक कपची उडते आणि डोळ्यात शिरते. क्षणभर टोचते, थोडे पाणी येते. माणूस डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. 'उद्या बघू' म्हणतो. आमचे स्पष्ट मत आहे की, अनेकांची नजर या 'उद्या बघू'नेच घालवली आहे.

वेगाने आलेली कपची बुबुळ भेदून मागच्या पडद्यापर्यंत जाऊ शकते. बाहेरची जखम आरशातही दिसत नाही, पण आत लोखंड गंजते आणि पडद्याला मारते. जंतुसंसर्ग झाला तर एक-दोन दिवसांतही डोळा हातचा जातो. म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळा चोळू नका, धुऊ नका, रुतलेली वस्तू उपटू नका. दाब न देता वर कागदी कप ठेवून पट्टीने चिकटवा. भूल द्यावी लागेल, म्हणून काही खाऊ-पिऊ नका. लोखंड उडाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा; अशा वेळी एमआरआय धोक्याचा ठरतो. (चुना किंवा अ‍ॅसिड उडाले तर मात्र लगेच भरपूर पाण्याने धुवा.)

जखम शिवली म्हणजे संपले नाही. आतला व्रण आकसून काही आठवड्यांनीही पडदा सुटू शकतो. चमक दिसली, काळे ठिपके वाढले, एका बाजूने अंधार आला, तर तारखेची वाट पाहू नका. सुटलेला पडदा शस्त्रक्रियेने बसवता येतो. पण त्याचा मधला भाग फार दुखावला असेल तर पूर्वीची नजर येत नाही. नेत्रदानातून बुबुळ मिळते, पडदा मिळत नाही.

लुई ब्रेलचे वडील घोड्यांचे चामडी साज बनवत. तीन वर्षांच्या लुईच्या एका डोळ्यात त्यांची आरी घुसली. पाचव्या वर्षापर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. दोनशे वर्षांपूर्वी इलाज नव्हता. आज आहे, पण तो वेळेवर पोचणाऱ्यासाठी.

त्याहून बरे, इजाच न होणे. कण उडणाऱ्या कामात डोळ्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 35 ने मालकावर टाकली. चष्मा ही मेहेरबानी नव्हे. तो एकट्याने मागायला भीती वाटत असेल, तर सर्वांनी मिळून मागावा.